सूर्य धरण्यावर, शनी दारात

संबोधीचं म्हणणं एवढंच होतं की तिसरीच्या पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र साफ खोटं आहे. यावर शहाण्या माणसाने "असेल बाई" म्हणावं आणि चहा प्यावा. पण उषाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "मग खरं काय ते तू दाखव."

इथेच सगळं बिघडलं. नववीतल्या मुलीला कधी "दाखव" म्हणू नये. ती दाखवते.

उषाबाई म्हणजे मिलच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, एकमेव शिक्षिका, आणि शिपाई निघून गेल्यापासून घंटासुद्धा त्याच. देशात तेव्हा बाजार खुला झाला होता म्हणे. टीव्हीवर रोज नवा साबण यायचा. इंदूरच्या त्या मिल-चाळीत मात्र जे होत होतं ते बंदच होत होतं. आधी रात्रपाळी बंद झाली, मग भोंगा, मग अख्खी मिल. शाळा तेवढी उघडी राहिली, कारण ती बंद करायला कुणी फिरकलंच नव्हतं. आता फिरकणार होतं. येत्या शनिवारी शिक्षण खात्याचे निरीक्षक येणार होते, आणि शाळेत राम उरला नाही असं वाटलं तर ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत 'विलीन' करणार होते. 'विलीन' हा शब्द संबोधीला फार आवडला होता, अर्थ कळेपर्यंत. अर्थ असा की पहिली ते चौथीची चिमुरडी पोरं उद्यापासून ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडणार. संबोधी दुपारी याच पोरांना शिकवायला जायची, फुकट आणि मोठ्या तोऱ्यात.

तर ते चित्र. त्यात सूर्याच्या शेजारी बुध, बुधाला खेटून शुक्र, शुक्राच्या मांडीवर पृथ्वी, असे सगळे ग्रह राजवाड्याला जाणाऱ्या टेम्पोत सवाऱ्या कोंबतात तसे कोंबलेले. "असे बसले असते तर आपण कधीच जळून गेलो असतो," संबोधीने पोरांना सांगितलं. त्यावर दुसरीतली ईशा, जिचे पुढचे दोन दात त्याच आठवड्यात पडले होते, म्हणाली, "मग ते किती लांब अशतात, ताई?"

किती लांब, हे दाखवायला जागा लागते. जागा म्हणाल तर मिलच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चाळीची सरळ लांबलचक गल्ली होती. संबोधीने संध्याकाळभर गुणाकार-भागाकार केले आणि मग स्वयंपाकघरावर धाड घातली. सूर्य म्हणून चाळीतल्या पोरांचा हवा गेलेला फुटबॉल, हळद लावून पिवळा केलेला. त्याच्या मापाने बुध म्हणजे खसखशीचा दाणा. शुक्र आणि पृथ्वी, दोन मोहऱ्या. मंगळ पुन्हा खसखस, जरा तब्येतीची. गुरु म्हणजे अख्खी सुपारी, शनी म्हणजे रिठा, युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन वाटाणे, आणि बिचारा प्लूटो रव्याचा एक कण.

"एवढ्यासाठी माझे चार डबे उघडलेस?" आई म्हणाली. "आणि ती खसखस महाग आहे. बुध झाला की परत डब्यात टाक."

प्रत्येक ग्रह मिलच्या, सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनवर चिकटवायचा ठरला. बॉबिनांना तोटा नव्हता. मिल बंद झाली तेव्हा पगार मिळाला नाही कुणाला, पण बॉबिनी सगळ्यांच्या घरी होत्या. कुणाच्या पलंगाला पाय, कुणाच्या दाराला खीळ. शनीची कडी शेजारच्या सुरभीताईने करून दिली, टिकल्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा गोल कापून. कडीवर दोन टिकल्या राहून गेल्या होत्या. त्यामुळे शनी जरा लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. या लग्नाचा संबंध पुढे येणार आहे.

अंतर मोजायचं काम बाबांकडे. शंकरराव मिलच्या फोल्डिंग खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी लोखंडी गजाने कापड मोजलं होतं आणि मिल बंद झाल्यापासून मोजायला काहीच नसल्यामुळे ते गॅलरीत बसून उसासे मोजत असत. "सूर्यापासून शनीपर्यंत मोजायचंय, बाबा," म्हटल्याबरोबर त्यांनी अंगात शर्ट घातला, तोही इस्त्रीचा.

पण आधी परवानगी. उषाबाई म्हणाल्या, सरकारी साहेब येणार, रस्त्यावर काही ठेवायचं तर रीतसर हवं. मग संबोधी आणि शंकरराव नगर निगमच्या झोनल कार्यालयात गेले.

"रोड पे क्या रखना है?" बाबूने विचारलं.

"ग्रह."

"कितने बड़े?"

"पृथ्वी राई जितनी आहे," संबोधी म्हणाली. आवेशात आली की तिची हिंदी अर्ध्या वाटेत मराठीच्या घरी उतरते.

बाबूने पेन खाली ठेवलं. बराच वेळ त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "राई की परमिशन नहीं लगती, बिटिया. और लगती भी, तो वो रोड हमारी नहीं है. मिल की है. वहाँ जाओ."

मिलमध्ये कोर्टाने बसवलेला एक बाबू होता. बंद मिलची राखण करणं हे त्याचं काम, आणि ते तो डोळे मिटून करत असे. "मामला कोर्ट में है," तो डोळे न उघडता म्हणाला. "फैसला होने तक अंदर का कुछ बाहर नहीं जाएगा, बाहर का कुछ अंदर नहीं आएगा."

"पण आम्हाला फक्त फाटकापाशी सूर्य ठेवायचा आहे."

"सूर्य भी नहीं."

"तो तर रोज येतो!"

"वो बिना पूछे आता है," बाबूने आता एक डोळा उघडला. "तुमने पूछ लिया, इसलिए मना करना पड़ रहा है."

संबोधीचा अपमान झाला. अपमान झाला की तिचे कान लाल होतात आणि आवाज वर चढतो. तो आवाज फाटकासमोरच्या तंबूत गेला. त्या तंबूत मालोजीराव बसलेले असत. मिल बंद पडली त्या दिवशी ते धरण्यावर बसले होते. आता त्यांच्या सतरंजीला त्यांचा आकार आला होता.

"काय झालं गं?"

"काका, सूर्याला जागा देत नाहीत."

मालोजीरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. किती महिन्यांनी एखादा नवा अन्याय हाती लागला होता! त्यांनी फुटबॉल घेतला, तंबूच्या पुढच्या खांबापाशी टेबलावर ठेवला, आपल्या गळ्यातला झेंडूचा हार त्याला घातला आणि जाहीर केलं, "आजपासून सूर्य धरण्यावर. बघू कोण उठवतो!"

अशा रीतीने सूर्यमालेची स्थापना झाली. कामगार एकजुटीच्या घोषणेसकट.

शंकरराव पुढे, हातात गज, संबोधी मागे, ओच्यात ग्रह, तिच्यामागे पोरं, पोरांमागे सल्ला देणारे. बुध, शुक्र, पृथ्वी पटापट लागले. पृथ्वीची मोहरी बघून सगळी पोरं खाली वाकली. "यात आपण सगळे आहोत?" ईशाने विचारलं. "सगळे," संबोधी म्हणाली. "मिलसुद्धा?" "मिलसुद्धा." मग ईशाने मोहरीवर हळूच फुंकर घातली, धूळ बसू नये म्हणून.

मंगळ सार्वजनिक नळापाशी आला. नळाला पाणी उशिरा यायचं ते गेली दहा वर्षं, पण आता कारण सापडलं. "नळालाच मंगळ आहे बाई," बादल्यांच्या रांगेत बातमी फिरली. गुरु पिठाच्या गिरणीसमोर. गिरणीवाला अरविंदभिया खूश झाला आणि लगेच नाराजही झाला. "ए भिया, गुरु अन् सुपारी? कमीत कमी नारळ तरी ठेवा ना यार! गिऱ्हाईक काय म्हणेल?" संबोधीने त्याला समजावलं की नारळ ठेवला तर सूर्य माणसाएवढा करावा लागेल. "करा ना मग," तो म्हणाला. "आपल्याकडे काय कमी आहे?"

आणि मग शनी. शंकररावांनी गज टेकवला, हात वर केला. संबोधीने बॉबिन मातीत रोवली आणि मान वर करून पाहिलं, तर समोर सुलोचनाकाकूंचा ओटा. ओट्यावर सुलोचनाकाकू. काकूंच्या हातात चाळणी, चाळणीत पोहे, कारण रविवारी त्यांच्या सुरभीला बघायला उज्जैनची मंडळी यायची होती.

"हे काय लावून राहिली माझ्या दारात?"

"शनी, काकू."

चाळणी पडली. पुढचा अर्धा तास काकू काय काय बोलल्या ते सगळं लिहायचं तर कागद पुरणार नाही. थोडक्यात, पोरगी उजवायची आहे, स्थळ इंजिनिअर आहे, आणि तू मेली माझ्या उंबऱ्यावर साडेसाती आणून रोवतेस!

"काकू, हा रिठा आहे. तुम्ही याच्याने केस धुता."

"रिठा असो की राई! नाव काय त्याचं? शनी ना? हटव. त्या पलीकडच्या खांबाला लाव."

"खांबाला नाही लावता येत. त्याची जागा हीच आहे."

"तुमच्यात नसेल मानत," काकू म्हणाल्या, "आमच्यात मानतात."

त्या 'तुमच्यात'मध्ये काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच नळावर बादल्या लावणाऱ्यांना अशा गोष्टी बरोबर ठाऊक असतात. संबोधीच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि पत्रिका कुणाचीच नव्हती. तिचे कान लाल झाले, पण या वेळी आवाज चढला नाही. "शनीला आमच्यात-तुमच्यात कळत नाही, काकू," ती म्हणाली. "त्याला फक्त अंतर कळतं. कलेक्टर आले तरी तो इथून हलणार नाही."

शनी मात्र त्याच रात्री हलला. सकाळी तो खांबापाशी होता. खांबासमोरच्या घरातल्यांनी चहाच्या आधी त्याला पुढे ढकललं. पुढच्यांनी पुढे, त्यापुढच्यांनी समोर, समोरच्यांनी मागे. दुपारी संबोधी शाळेतून येते तर रिठा गुरुच्या शेजारी, गिरणीच्या पायरीवर. "गुरु-शनी युती," अरविंदभिया गंभीरपणे म्हणाला. "आज दळण कमी आलं."

संबोधीने शनीला उचललं, काकूंच्या दारात परत रोवलं आणि शेजारी मांडी घालून बसली. मालोजीरावांकडून एवढं तरी शिकलीच होती. सुरभीताई दाराआडून कुजबुजली, "राहू दे गं त्याला तिथेच. ते लोक घाबरून आलेच नाहीत तर माझं बी.कॉम. तरी पूर्ण होईल." पण काकू चार बायका घेऊन आल्या होत्या, आणि प्रत्येकीचं मत होतं की मोजणीच चुकली असणार.

"चुकली?" संबोधी उठली. "माझे बाबा फोल्डिंग खात्यातले आहेत! बाबा, गज आणा. सगळ्यांसमोर मोजा!"

शंकररावांनी मोजायला घेतलं. सूर्यापासून. मागे अख्खी गल्ली. संबोधी त्यांच्या हाताकडे अभिमानाने बघत होती, आणि बघता बघता तिचा अभिमान पातळ होत गेला. बाबा गज टेकवायचे, टोकाशी अंगठा ठेवायचे, आणि पुढचा गज अंगठ्याच्या पलीकडून सुरू करायचे. प्रत्येक वेळी. न चुकता.

"बाबा, हा अंगठा कसला?"

"कसला म्हणजे? गजामागे एक अंगठा सोडायचाच असतो. नियम आहे खात्याचा."

"पण का?"

"अगं, कापड आटतं धुतल्यावर. गिऱ्हाइकाला कमी पडायला नको."

"बाबा, हे अंतराळ आहे! अंतराळ आटत नाही!"

"कशावरून?" शंकरराव दुखावले. "धुऊन बघितलंय कुणी?"

गल्ली हसली. काकू सगळ्यांत जास्त हसल्या. संबोधीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणी मागे नळाच्याही पलीकडे मोहरीएवढी होऊन बॉबिनवर बसली होती, तिच्या पोटात काय मावणार! आता दोन रस्ते होते. एक, गप्प बसायचं आणि शनी तिथेच ठेवायचा; अंगठ्यांचा हिशेब कोण करतंय? दुसरा, ज्याने पुस्तकाला खोटं ठरवलं त्याने स्वतः खोटं ठेवायचं नाही. तिने दात आवळून पहिल्यापासून मोजायला लावलं. विनाअंगठा. मंगळ नळावरून जेमतेम सरकला, गुरु पायरीवरून खाली उतरला, आणि शनी बरोबर एक घर अलीकडे आला.

एक घर अलीकडे संबोधीचं घर होतं.

"बघा!" काकूंनी टाळी वाजवली. "त्यालाही कळतं कुणाच्या दारात जायचं ते."

"तो तुमच्या भीतीने नाही हलला, काकू! मोजणी चुकली होती म्हणून हलला!" संबोधी ओरडली. कुणी ऐकेना. काकूंनी तर साखर वाटायला घेतली. तेव्हा संबोधीने बॉबिन आपल्या दारात रोवली, हातोडीने, गरज नसताना चार घाव जास्त घालून, आणि वर तोंड करून सगळ्या गल्लीला सांगितलं, "हा आमच्या दारातला शनी. ज्याला बघायचा त्याने यावं. आई चहा देईल."

"आई देईल?" आतून आवाज आला. मग जरा थांबून, "बरं, देईन."

शनिवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर रांग. चाळीतल्या अर्ध्या बायका वाटीत तेल घेऊन उभ्या. शेजारच्या दारातून शनी गेला खरा, पण वाटेत चिडला असेल तर? रिठा तेलाने चमकत होता, कडीवरच्या टिकल्या ओघळल्या होत्या. आईने खाली पातेलं लावलं. शंकरराव ते तेल चिंधीवर घेऊन सायकलच्या साखळीला देत होते. "शुद्ध आहे," ते म्हणाले.

आणि नेमके तेव्हाच निरीक्षक साहेब आले. उषाबाईंनी त्यांना फाटकापासूनच चालवत आणलं होतं, मागे शाळेतली झाडून सगळी पोरं.

"सूर्य कहाँ है?" साहेबांनी परीक्षा घ्यावी तसं विचारलं होतं.

"शूर्य धरण्यावर बशलाय," ईशाने सांगितलं होतं. मालोजीरावांनी लगेच साहेबांना निवेदनही दिलं.

पृथ्वीपाशी साहेब वाकले. गुरुपाशी त्यांना अरविंदभियाने पाणी पाजलं. शनीपाशी येताच मात्र त्यांनी बूट काढले, डोळे मिटले आणि रिठ्याला हात जोडले. "मेरी साढ़ेसाती चल रही है," ते उषाबाईंना हळूच म्हणाले.

"सर, नमस्कार राहू द्या, बूट घाला," संबोधी म्हणाली. "पुढे जायचंय."

"और कितना?"

"अजून निम्मंसुद्धा झालं नाही."

साहेबांना वाटलं होतं इथेच संपेल. पण शनीपुढचे तिघे संबोधीने बाबांकडून मोजून आधीच लावून ठेवले होते. युरेनसला त्यांनी रुमाल काढला. नेपच्यून गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या काठावर होता. तिथे उषाबाईंनी दोन्ही हात पसरून पोरांना थांबवलं. "माझी मुलं इथून पुढे येणार नाहीत, साहेब. आमची सूर्यमाला इथपर्यंतच. प्लूटो पलीकडे आहे. तुम्ही बघून या."

पलीकडे म्हणजे ट्रकांच्या पलीकडे. संबोधीने पाऊल टाकलं. साहेबांना टाकावंच लागलं. अर्ध्या रस्त्यात एक ट्रक एवढ्या जवळून गेला की साहेबांची फाइल उघडली. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, मग पुढे, मग पुन्हा मागे. काठावरून पोरं ओरडत होती, "सर, डावीकडे बघा! आता नको! आता, आता!" शेवटी संबोधीने सरळ त्यांची बाही धरली आणि ओढत नेलं.

पलीकडच्या शाळेच्या फाटकापाशी बॉबिनवर रव्याचा एक कण होता. अंगठे सोडले असते तर तो आत मुतारीच्या भिंतीवर गेला असता. आता बरोबर फाटकात होता. साहेबांनी धापा टाकत मागे वळून पाहिलं. सूर्य दिसत नव्हता. शनी दिसत नव्हता. रस्त्यापलीकडे पोरं ठिपक्यांएवढी झाली होती. त्यांची तोंडं हलत होती, आवाज येत नव्हता.

"यही स्कूल है?" त्यांनी विचारलं.

"हीच."

"नक़्शे में तो बिल्कुल पास था."

"पुस्तकातसुद्धा तसंच आहे, सर," संबोधी म्हणाली.

साहेब रस्त्याकडे वळले. एक ट्रक गेला, त्यामागे दुसरा, त्यामागे उसाची ट्रॉली. मग ते बारीक आवाजात म्हणाले, "अब वापस कैसे जाएँगे?"

"आलो तसेच," संबोधीने पुन्हा त्यांची बाही धरली. "रोज, सर. दो बार."

शाळा विलीन झाली नाही. निदान त्या वर्षी तरी नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब येणार, आणि संबोधीने प्लूटोचा कण डबीत जपून ठेवलाय. उज्जैनची मंडळी रविवारी आली, पोहे खाल्ले, होकार देऊन गेली. नकार सुरभीताईने दिला. काकू म्हणतात, शेजारचा शनी. त्या येऊन तसं सांगून जातात, दर शनिवारी, तेलाची वाटी घेऊन. आणि आई त्यांना चहा देते. मग संबोधी त्यांना बाहेर नेऊन परत एकदा, पहिल्या गजापासून, विनाअंगठा मोजून दाखवते.